आजारी पडायला सवड कोणाला?

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत समग्र उपचार केंद्रांचे पीक जोमाने आले आहे. कोणी त्यांना ‘होलिस्टिक थेरपी सेंटर’ म्हणतात, कोणी ‘वेलनेस रिट्रीट’, तर जुन्या वळणाचे संचालक अजून निसर्गोपचार हाच शब्द वापरतात. शहरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर, शक्यतो डोंगराच्या कुशीत वा धरणाच्या काठी ही केंद्रे उभी राहतात. मातीलेप, वाफारा, कटिस्नान, मालिश, शिरोधारा, सुगंधोपचार, ध्यान, मौन, क्वचित रेकी आणि चक्रशुद्धी असा त्यांचा पसारा असतो. माहितीपत्रकांची भाषा मात्र सर्वत्र एकच. आधुनिक वैद्यक रोगाकडे पाहते, येथे माणसाकडे पाहिले जाते; तेथे अवयवाची दुरुस्ती होते, येथे शरीर, मन आणि आत्मा यांचा एकत्र विचार होतो. वाक्य चांगले आहे आणि त्यात तथ्यही आहे. अडचण एवढीच की, ज्या माणसाकडे असे समग्रपणे पाहिले जाते तो आधी दहा दिवसांचे शुल्क भरून आलेला असतो. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याच्यापाशी ते दहा दिवस असतात.

हा दुसरा मुद्दा अर्थशास्त्राचा आहे. समग्र उपचारांच्या समर्थकांनी आणि टीकाकारांनीही त्याकडे सारखेच दुर्लक्ष केले आहे. समर्थक म्हणतात, हे उपचार स्वस्त आहेत, माती, पाणी, ऊन आणि हवा यांना किंमत पडत नाही. टीकाकार म्हणतात, हे सारे सुखवस्तू वर्गाचे चोचले आहेत. दोघांचीही नजर केंद्राच्या दरपत्रकावर खिळलेली आहे. दरपत्रकात न लिहिलेली किंमत कोणती, हे पाहायचे असेल तर डोंगराच्या कुशीतून उठून मराठवाड्यातल्या एखाद्या सपाट, काळ्या जमिनीच्या गावात यावे लागते.

वालूर हे परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील असेच एक जुने गाव. भोवताली कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारीची शिवारे. गावाची ख्याती आहे ती तिथल्या बारवांमुळे. त्यांतील एक बारव तर चक्राकार आहे. तिच्या पायऱ्या मळसूत्रासारख्या फिरत पाण्यापर्यंत उतरतात. कित्येक वर्षे गाळाने आणि झाडोऱ्याने बुजत चाललेली ही वास्तू अलीकडच्या काळात गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली आणि मग तिची छायाचित्रे दूरवर पोहोचली. जिथे छायाचित्रे पोहोचतात तिथे पुढेमागे गुंतवणूकदारही पोहोचतो, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम आहे. शांत गाव, प्राचीन जलवास्तू, शहराच्या मानाने स्वस्त जमीन, सेलूपर्यंत रेल्वे: समग्र उपचार केंद्राला आणखी काय हवे?

समजा, उद्या कोणी उत्साही माणसाने वालूरला असे केंद्र काढलेच. तो माणूस लबाड आहे असे मुळीच धरू नये. त्याला खरोखरच लोकांचे भले करायचे आहे असे मानावे. आता त्याचा जमाखर्च मांडावा. जमीन, इमारत, विंधनविहीर हा भांडवली खर्च. औषधांचा खर्च जवळजवळ शून्य, यंत्रांचा किरकोळ. येथपर्यंत समर्थकांचे म्हणणे बरोबर ठरते. पण पुढे मनुष्यबळाचा खर्च येतो आणि तेथे हिशेब उलटतो. तासभराची मालिश म्हणजे एका माणसाच्या श्रमाचा एक तास. तो पाऊण तासात उरकता येत नाही आणि एका माणसाला एकाच वेळी चौघांना मालिश करता येत नाही. विल्यम बॉमोल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही गोष्ट वादकांच्या उदाहरणाने दाखवून दिली होती. कारखान्यात यंत्र आले की एका कामगाराचे उत्पादन वाढते, पण चौघांनी मिळून वाजवायची रचना शंभर वर्षांपूर्वी जितका वेळ घेई तितकाच आजही घेते. परिणामी अशा सेवा इतर वस्तूंच्या तुलनेत सतत महाग होत जातात. समग्र उपचार हा याच जातीचा व्यवसाय आहे. माती फुकट असली तरी माती लावणारा हात फुकट नसतो.

खाटा रिकाम्या राहिल्या तरी पगार आणि कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. म्हणून वर्षभर खाटा भरलेल्या हव्यात, आणि त्या भरू शकेल असा ग्राहक वालूरला, सेलूला वा परभणीलाही पुरेशा संख्येने नाही. तो संभाजीनगर, पुणे, मुंबई, हैदराबाद येथून आणावा लागतो. तो यायचा तर खोलीला वातानुकूलन लागते, जेवणात निवड लागते, माहितीपत्रकावर बारवेचे चित्र लागते. संचालकाचा हेतू कितीही शुद्ध असो, तीन वर्षांत त्याचे केंद्र डोंगराच्या कुशीतल्या केंद्रासारखेच दिसू लागते. यात नीतीचा ऱ्हास शोधण्याचे कारण नाही. खर्चाची रचनाच त्याला तेथे ओढून नेते.

आणि वालूरच्या माणसांचे काय होते? त्यांना रोजगार मिळतो, असे उत्तर अभिमानाने दिले जाईल. गावातल्या बाया मालिश शिकतील, चादरी धुतील, स्वयंपाक करतील, आवार झाडतील. दिवसाला पाच-सहा परक्या पाठी रगडून जिची स्वतःची पाठ धरेल तिच्यासाठी मात्र त्या केंद्रात खाट नसेल. राज्य कामगार विमा योजनेची मर्यादा साधारणपणे दहा कामगारांची. त्याहून लहान आस्थापनेत तिला आजारपणाच्या रजेचा पगारही मागता येणार नाही. दुसऱ्याला विश्रांती विकणाऱ्या धंद्यातच विश्रांतीचा हक्क नसावा, याला काय म्हणावे हे माहितीपत्रके लिहिणाऱ्यांनीच ठरवावे.

येथे भला संचालक पुढे येऊन म्हणेल की, गावकऱ्यांसाठी उपचार मोफत ठेवू. प्रश्नाचे मर्म नेमके येथेच आहे. मोफत ठेवूनही ते येणार नाहीत. निसर्गोपचाराची पद्धतच अशी आहे की तो गोळीसारखा गिळता येत नाही. लंघन, आहारपालट, रोजची स्नाने, विश्रांती यांना आठ-दहा दिवस सलग द्यावे लागतात, पुष्कळदा महिना द्यावा लागतो. पगारी नोकराच्या बाबतीत हे दिवस त्याच्या रजेतून जातात. खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या बाबतीत ते तिच्या चुलीतून जातात. शेतमजुरीचे दिवस वर्षभर सारखे नसतात. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी या थोड्या आठवड्यांत वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा येतो. त्या आठवड्यांत कंबर मोडून गेली तरी आडवे होता येत नाही. ‘सुगी होऊ द्या, मग बघू’ हे वाक्य खेड्यात ऐकले की शहरी डॉक्टर अज्ञानाबद्दल हळहळतो. वास्तविक ते वाक्य अतिशय शहाणे आहे. ती बाई उपचाराची खरी किंमत बिनचूक ओळखते: फी शून्य, बुडालेली मजुरी दहा दिवसांची.

या प्रश्नाचा शोध महाराष्ट्रात फार पूर्वी, आणि तोही अतिशय थोर माणसाकडून, अर्ध्या वाटेपर्यंत घेतला गेला होता. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. गांधीजी तेथे अनेकदा राहिले आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये त्यांनी त्याच्या विश्वस्त मंडळाची जबाबदारी स्वीकारली. तोवर सधनांसाठी चाललेली ही संस्था गरिबांसाठी खुली करावी, असा त्यांचा बेत होता. थोड्याच महिन्यांत त्यांनी तो जाहीरपणे मागे घेतला. शहरात संस्था काढून गरिबांची सेवा होईल असे मानणे ही आपली चूक होती, खेड्यातील गरीब शहरात उपचाराला येऊ शकत नाही, उपचारानेच त्याच्याकडे गेले पाहिजे, असे त्यांनी कोणतीही सबब न सांगता लिहिले. २२ मार्च १९४६ रोजी ते पुण्याजवळच्या उरुळी कांचनला गेले, आठवडाभर राहिले, रुग्ण तपासले आणि माती, पाणी, ऊन, आहार व रामनाम यांचे उपचार सांगितले. महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली, संस्था उभी राहिली, आणि मणिभाई देसाई व विनोबांचे बंधू बाळकोबा भावे हे मागे राहिले.

गांधीजींनी अंतराची किंमत ओळखली. दवाखाना शहरातून खेड्यात आणला. पण खेड्यात आणल्यावरही उपचारासाठी लागणारी सवड आणि उपचारात सांगितले जाणारे अन्न कोठून यायचे, हा प्रश्न उरतोच. रामनामाला खर्च नाही हे खरे, दुधाला आहे. ज्याच्या गोठ्यात दुभते जनावर नाही त्याला दूध घ्यायला सांगणारा वैद्य, मग तो ऋषितुल्य का असेना, अर्धेच औषध लिहून देतो. मणिभाईंच्या पुढील आयुष्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. निसर्गोपचारासाठी उरुळीला राहिलेला हा माणूस हळूहळू गाईंकडे, चाऱ्याकडे, शेतीच्या पाण्याकडे, शाळेकडे वळला आणि १९६७ मध्ये त्याने ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. संकरित गाईंचे काम शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेणारी संस्था म्हणून ती देशभर ओळखली गेली. १९८२ मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो त्यांच्या या ग्रामीण कामाबद्दल, मातीपट्ट्यांबद्दल नव्हे. पुष्कळांना हे निसर्गोपचारापासूनचे विषयांतर वाटते. प्रत्यक्षात तो निसर्गोपचाराचा तर्कशुद्ध विस्तार होता. समग्र या शब्दाला महाराष्ट्रात कोणी खरा अर्थ दिला असेल तर तो गोठ्यात उभ्या असलेल्या या मणिभाईंनी. उरुळीचा आश्रम आजही चालतो आणि राहून उपचार घेणाऱ्यांची तेथे वर्दळ असते. परंतु उरुळीचे नाव घेऊन निघालेल्या नव्या केंद्रांनी तिथली माती तेवढी उचलली, गोठा मागे ठेवला.

१९४६ हेच भोर समितीच्या अहवालाचेही वर्ष आहे. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, हे त्या अहवालाचे सूत्र होते. दिल्लीच्या कागदावरचे ते सूत्र आणि उरुळीच्या मातीतला तो प्रयोग यांची गाठ पुढे कधीच नीट पडली नाही. एकदा पडता पडता राहिली, ती १९७७ मध्ये. जनता सरकारात समाजवादी राजनारायण आरोग्यमंत्री होते. २ ऑक्टोबर १९७७ पासून त्यांनी दर हजार वस्तीमागे गावातलाच एक आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना पन्नास रुपये मानधन आणि पन्नास रुपयांची औषधे. त्याच्या शिक्षणक्रमात ॲलोपॅथीबरोबर आयुर्वेद, योग आणि निसर्गोपचारही होते. डॉक्टरांच्या संघटनांनी तिची टवाळी केली. योजनेत दोष होते आणि ते लपवण्याचे कारण नाही: नेमलेल्यांत पुरुषांचाच भरणा झाला, निवडीत गावच्या पुढाऱ्यांचा हात राहिला, आणि पन्नास रुपयांत माणसाचे पोट भरत नाही एवढी साधी गोष्ट समाजवाद्यांच्याही ध्यानात राहिली नाही. तरीही तिची दिशा बरोबर होती. उपचार घरापाशी आला तर मजुरी बुडत नाही.

हीच दिशा जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून पकडली. निरक्षर, बहुधा दलित वा परित्यक्ता अशा बायांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या बनवले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांची शुश्रूषा घरातच करण्याची पद्धत उभी केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण बासष्ट टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. या दोन्ही प्रयोगांचे कौतुक पुष्कळ झाले, पण त्यांच्या यशाचे एक कारण क्वचितच सांगितले जाते. गरिबाचा वेळ वाचवणे हे त्यांचे खरे अर्थशास्त्र होते. कार्यकर्ती संध्याकाळी, मजुरीवरून परतलेल्या बाईच्या दारात जाते. बाईला दिवस मोडून दवाखान्याच्या रांगेत बसावे लागत नाही.

ज्यांना हा सगळा युक्तिवाद पुस्तकी वाटतो त्यांनी परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्याकडे पाहावे. बीडमधून, आणि परभणीच्याही अनेक गावांतून, दरवर्षी ऊसतोडीचे कोयते बाहेर पडतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसांची गणना हत्याराच्या नावाने करणारी ही व्यवस्था आहे. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती हंगामभर फेडायची असते. एक दिवस काम चुकले तर खाडा, आणि खाड्याला दंड. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलावी लागते, न्हाणीघर नसते, संडास नसतो. पोटात आणि कंबरेत दुखू लागले, अंगावरून जाऊ लागले की खाजगी दवाखान्यात सल्ला मिळतो: पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. २०१९ मध्ये हे प्रकरण उजेडात आले तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहाजणींमागे एक.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. नफेखोर डॉक्टरांनी भोळ्या स्त्रियांना फसवले, एवढाच तो नाही. फसवणूक झालीच, पण ती चालली याचे कारण असे की त्या शस्त्रक्रियेने एक खरी अडचण सुटल्यासारखी वाटत होती: पुढच्या हंगामातले खाडे. गाळप हंगामाच्या वेळापत्रकाला शरीर बसेना, तेव्हा शरीर कापून वेळापत्रकात बसवले गेले. दोन दुकाने या बाईसमोर उघडी आहेत. एक म्हणते, एका दिवसात अवयव काढून देतो. दुसरे म्हणते, शरीर, मन आणि आत्मा यांच्या शुद्धीसाठी दहा दिवस ये. पहिले क्रूर आहे आणि दुसरे सौम्य आहे, पण तिच्यापाशी जे नाही ते दुसरेच दुकान अधिक मागते. माणूस समग्र राहावा अशी ज्यांची इच्छा आहे त्यांनी समग्रतेचा हा तुटवडा आधी पाहावा. पाठीच्या चक्राची चर्चा नंतर करता येईल.

सुखवस्तू वर्गाच्या दुखण्याची चेष्टा करणे हा डाव्यांचा जुना आवडता छंद आहे. तो येथे टाळलेला बरा. कचेरीत दहा-दहा तास पडद्यासमोर बसणाऱ्या तरुणाची पाठ खरोखरच दुखते, त्याची झोप खरोखरच उडालेली असते. पाच मिनिटांत रुग्ण उरकून पाच तपासण्या लिहून देणाऱ्या डॉक्टरापेक्षा तासभर ऐकून घेणारा उपचारक त्याला जवळचा वाटला तर नवल नाही. आहार, चालणे, झोप, श्वासाची शिस्त यांनी मधुमेह आणि रक्तदाब यांच्या रुग्णांना लाभ होतो, हे आधुनिक वैद्यकही मान्य करते. मात्र ‘जीवनशैलीचे आजार’ हा आता रूढ झालेला शब्द फसवा आहे. शैली म्हटले की निवड आली. शिधावाटप दुकानातून गहू-तांदूळ मिळतात आणि ज्वारी बाजारातून आणावी लागते, तेव्हा भाकरी सोडून पोळी-भातावर आलेल्या वालूरच्या मजुराला मधुमेह झाला तर ती त्याची शैली नव्हे. ते शासनाचे धान्य धोरण आहे.

दुसरा आक्षेप दाव्यांचा. केनेथ ॲरो यांनी १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की आरोग्याच्या बाजारात ग्राहकाला आपण काय विकत घेतो हे कळत नाही. ते ठरवणारा आणि विकणारा एकच असतो. म्हणून या बाजाराला बाहेरचे नियमन लागते. समग्र उपचारांच्या क्षेत्रात ते जवळजवळ नाही. भारतीय चिकित्सा पद्धतींसाठी २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या कक्षेत योग आणि निसर्गोपचार घेतलेच नाहीत. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. कर्करोग, मधुमेह बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या भिंतीभिंतींवर दिसतात. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना आधी परवानगी हवी असा नियम २०१८ मध्ये आला. सरकारने तो जुलै २०२४ मध्ये स्वतःच वगळला, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती स्थगितीही संपली. परंपरेचा गौरव करणाऱ्या राजवटीने परंपरेच्या नावावरील भोंदूगिरीला वाट मोकळी ठेवावी, हा योगायोग नाही. गौरव आणि नियमन यांपैकी गौरव स्वस्त पडतो.

स्वस्त गौरवाची आणखीही उदाहरणे आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये आयुषसाठी स्वतंत्र मंत्रालय झाले, २०१५ पासून २१ जून हा योग दिन झाला. २०१८ मध्ये उपकेंद्रांना आरोग्यवर्धिनी केंद्रे म्हणण्याचे ठरले, तेथे योगाचे वर्ग सांगितले गेले. २०२३ मध्ये त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले. मंदिर झाले, पण दक्षिणा सुटली नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे, कोविडच्या छायेतील त्या वर्षातही, तो १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांच्या खिशावर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये व्यायामशाळा, सौंदर्यप्रसाधन आणि योगसेवा यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शहरी ग्राहकाची सोय झाली, ठीकच आहे. खाड्याचा दर मात्र कोणत्याही करपरिषदेच्या विषयपत्रिकेवर आजवर आलेला नाही.

तो विषयपत्रिकेवर आणणे अशक्य नाही, कारण त्याची तरतूद या देशात एका वर्गासाठी कित्येक दशके चालू आहे. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलेल्या राज्य कामगार विमा योजनेत आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरी मिळते. गिरणी कामगाराला, यंत्रमाग कारखान्यातील कामगाराला आजारी पडण्याची सवड या तरतुदीने दिली. शेतमजुराला आणि ऊसतोड्याला आजारपणाची मजुरी हक्काने देणारी अशी तरतूद नाही. वास्तविक ज्याचे भांडवल केवळ त्याचे शरीर, त्यालाच या विम्याची गरज सर्वाधिक. पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न लगेच विचारला जाईल आणि तो विचारलाही पाहिजे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे. गाळप झालेल्या उसाच्या दर टनामागे कारखान्यांनी दहा रुपये आणि तेवढीच रक्कम राज्याने द्यावी असे ठरलेले आहे. त्या निधीवरील पहिला हक्क खाड्याच्या भरपाईचा असावा: उपकेंद्रातील आरोग्य अधिकाऱ्याने वा परिचारिकेने विश्रांती लिहून दिली की त्या दिवसांची किमान सत्तर टक्के मजुरी थेट त्या स्त्रीच्या खात्यात, मुकादमाच्या नव्हे. वसतिगृहे, प्रशिक्षणवर्ग, सत्कार हे त्यानंतर. शेतमजुरांसाठी हीच योजना रोजगार हमीसाठी झालेल्या नोंदणीच्या आधारे उभी करता येईल. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानेच देशाला ती वाट दाखवली होती आणि तेव्हाही पैसा कोठून आणायचा हा प्रश्न विचारला गेला होता. शहरातील पगारदारांनी व्यवसाय कर भरून त्याचे उत्तर दिले.

मग निसर्गोपचारालाही खेड्यात जागा होईल. आजारपणाचे दहा दिवस ज्याचे स्वतःचे झाले तो मजूर ते कसे घालवायचे याचा विचार करील; कोणी मातीपट्टी घेईल, कोणी नुसता झोपेल, आणि नुसते झोपणे हाही काही वाईट निसर्गोपचार नव्हे. समग्र उपचार केंद्रांच्या संचालकांना गरिबांविषयी खरोखर आस्था असेल तर त्यांनी मोफत शिबिरांचे फलक लावण्यापूर्वी दोन साध्या गोष्टी कराव्यात. आपल्याकडे मालिश करणाऱ्या, धुणे धुणाऱ्या बायांना पगारी आजारी रजा द्यावी आणि तिचे दिवस दरपत्रकाशेजारी लिहून लावावेत. दुसरे, आजारपणाच्या मजुरीच्या मागणीवर उघडपणे सही करावी. ऊसतोडीचे कोयते दिवाळीच्या सुमारास निघतात. महामंडळाने आजवर जमा झालेल्या रकमेपैकी किती पैसा आजारी स्त्रियांच्या मजुरीवर खर्च केला, हे सामाजिक न्यायमंत्र्यांनी त्याआधी विधिमंडळात सांगावे.